आमच्या गावचं समुद्री कासव

मी समुद्र अजून पाहिलेला नाही. तरीही समुद्री कासवांच्या संरक्षणात हयगय केल्याबद्दल मला एकदा लेखी खुलासा द्यावा लागला आहे. ही हयगय जिथं घडली ते गाव दर्यापूरच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात आहे. नावात दर्या असला तरी दर्यापूरहून खरा दर्या गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. गावाचं नाव सांगत नाही. गाव चांगलं आहे, चूक माझी होती.

मी ग्रामसेवक होते. ज्यांचं या पदाशी कधी काम पडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सरपंच निवडून येतो, ग्रामसेवक बदलून येतो. गावात कुणी जन्मलं, कुणी गेलं, नळ फुटला, भिंत पडली, सगळ्याचा कागद ग्रामसेवकाच्या टेबलावरून जातो. ज्या कामाला सरकारात कुठलंच खातं सापडत नाही, ते काम ग्रामसेवकाचं. मी संडास मोजले. लावलेल्या झाडांचे फोटो काढले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच झाडं वाळल्याचेही काढले. शेवटच्या वर्षांत माझ्याकडे तीन गावं होती. सकाळी अकोल्याहून एसटी, दर्यापूरहून काळी-पिवळी जीप, आणि काळी-पिवळीत माझ्या मांडीवर दप्तर आणि दप्तरावर कुणाचं तरी लेकरू.

अशात एक आदेश आला. गावाच्या हद्दीत जेवढे म्हणून सजीव आहेत त्या सगळ्यांची नोंदवही करायची. झाडं, गवत, पाखरं, किडे, मासे, पिकांचे वाण. प्रत्येकाचं गावातलं नाव, शास्त्रीय नाव, पूर्वी किती होतं, आता किती आहे, उपयोग काय. मुदत महिनाअखेर.

आमचे सरपंच दिनकरराव. काळ्या मातीची चांगली जमीन, मिशा पांढऱ्या, आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय. त्यांना मी आदेश वाचून दाखवला.

"मंजे मानसं सोडून बाकी सारे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ढोरं?"

"हो."

"न मच्छर?"

"मच्छरसुद्धा."

"काहून बाप्पा? यायले मतदान देऊन राहिले काय?"

हा त्यांचा एक प्रश्न. मग सही केली.

नोंदवहीसाठी आधी सात जणांची समिती लागते. आमच्या शिपायानं, गजाननानं, कार्यालयासमोरून जाणाऱ्या सात जणांना आत बोलावलं, चहा पाजला आणि सह्या घेतल्या. त्यातल्या एकाला आपण गॅसच्या अर्जावर सही केली असं वाटत होतं. पुढं वर्षभर तो मला भेटला की विचारायचा, "मॅडम, सिलिंडर आलं काय?" समितीत बायाही लागतात, म्हणून रहिवासी दाखला न्यायला आलेल्या पंचफुलाबाईंना गजाननानं खुर्चीवर बसवलं. पंचफुलाबाई निंदणाला जाणाऱ्या, म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं तण काढणाऱ्या. साठीच्या पुढच्या. त्यांनी अंगठा दिला, चहा घेतला आणि दाखला न घेताच गेल्या.

समिती झाली, पण नोंदवही कोण करणार? तेवढ्यात एका शहरातल्या खाजगी संस्थेचा फोन आला. "मॅडम, तुम्ही काहीच करू नका. फक्त गावाचं नाव सांगा." मी सांगितलं. पंधरा दिवसांत नोंदवही आली. जाड गुळगुळीत कागद, वर मोराचं चित्र. मी शिक्का मारला, सही केली आणि तालुक्याला पाठवली. वाचली नाही. हे वाक्य मी पुढं बऱ्याच कागदांवर लिहिलं आहे, म्हणून इथंही सरळ लिहिते. वाचली नाही.

आठ-नऊ महिन्यांनी पत्र आलं. 'आपल्या ग्रामपंचायत हद्दीत समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येत असल्याचे नोंदवहीवरून दिसून येते. त्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या कार्यवाहीचा अहवाल अद्याप प्राप्त नाही. या हयगयीबाबत लेखी खुलासा तात्काळ सादर करावा.'

मी कपाटातून नोंदवही काढली आणि पहिल्यांदा उघडली. आमच्या गावात नारळ होता, सुपारी होती, कोकम होतं. खाडीच्या कडेला खारफुटी होती. बांगडा, सुरमई आणि पापलेट मुबलक होते. आणि किनाऱ्यावर, हिवाळ्याच्या शेवटी, कासवं अंडी घालत होती. खाली माझी सही होती, नेहमीपेक्षा जरा छानच आलेली.

गजानन खांद्यावरून पाहत होता. म्हणाला, "मॅडम, पापलेट मंजे काय होय?"

मी त्याच दिवशी तालुक्याला गेले. साहेब भले होते, पण फाईलींनी वेढलेले. मी म्हटलं, "सर, आमच्या गावात समुद्र नाही."

त्यांनी फाईल चाळली. "पण पाणी खारं आहे ना तुमच्याकडे?"

"विहिरींचं खारं आहे सर. जमिनीत क्षार आहेत. समुद्र नाही."

"तेच म्हणतो मी. खारं पाणी आहे, खाऱ्या पाण्यातला प्राणी आहे. वरच्या ऑफिसनं मान्य केलंय. आता मी नाही कसं म्हणू?"

बराच वेळ बोलल्यावर त्यांनी वाट सांगितली. नोंदवहीत नाव चढवणं सोपं असतं, उतरवायला पद्धत लागते. प्रजाती नामशेष झाली असं दाखवायचं. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव पाहिजे, आणि ठरावात नामशेष होण्याची कारणं पाहिजेत. "कारणाशिवाय नामशेष करता येत नाही," साहेब म्हणाले. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अशा रीतीनं आमच्या गावात ग्रामसभा भरली. विषय क्रमांक एक, घरकुल यादी. विषय क्रमांक दोन, समुद्री कासव नामशेष होण्याची कारणे. एरवी सभेला कोरम जमत नाही, त्या दिवशी मारुतीच्या पारावरही माणसं बसली होती.

मी काय घडलं ते सगळं सांगितलं आणि म्हटलं, नव्हतंच, एवढं म्हणा म्हणजे झालं. पण कागदावर काहीतरी कारण लिहावं लागणार हे लोकांना कळलं होतं. एक जण उठून म्हणाला, कासवं रोह्यांनी खाल्ली असं लिहा, म्हणजे रोह्यांचा तरी बंदोबस्त होईल. रोही म्हणजे नीलगाय, रात्रीतून हरभरा साफ करणारी. दुसऱ्यानं सुचवलं की कासवं पाण्याअभावी गेली असं लिहा आणि गोड्या पाण्याची योजना मागा. हा मुद्दा सभेला फार आवडला, टाळ्या पडल्या. सिलिंडरवाल्यानं सिलिंडरचं विचारलं. एक म्हातारे गृहस्थ मात्र ठामपणे म्हणाले, "नव्हतं कसं? मी सोता पाह्यलं कासव."

"बाबाजी, समुद्राचं कासव म्हणून राहिले मॅडम," दिनकरराव म्हणाले.

"त्याच्या पाठीवर लिहेल होतं काय, समुद्राचं म्हनून? कासव होतं. पाटलाच्या हिरीत."

 मग मागून बायांच्या घोळक्यातून पंचफुलाबाई उठल्या.

"खरं हाय थे," त्या म्हणाल्या. "पाटलाच्या हिरीत कासव होतं. मी लगन होऊन आली तवापासून होतं. मासोया होत्या, बेंडकं होते. पानी खारं होतं, पन सोच्छ होतं. मंग घरोघर नय आले, न आमी हिरीवर पान्याले जानं सोडलं. मंग पोट्टे फवारनीचे पंप त्या हिरीवर धुवाले लागले. आधी मासोया उलट्या झाल्या. मंग बेंडकं. न एक दिवस कासव उताणं."

"कुठं गेलं मग ते?" मी विचारलं.

त्यांनी गजाननाकडे पाहिलं. गजानन जमिनीकडे पाहत होता. "मीच काढलं मॅडम," तो म्हणाला. "वास सुटलाता. तुमीच म्हनलं, घान काढून टाक. नाल्यात टाकलं."

मला आठवलं. कामांच्या वहीत ती नोंद होती. 'पाटील विहिरीतील घाण काढून स्वच्छता केली.' खाली माझी सही. ती मात्र मी वाचून केली होती.

पंचफुलाबाई बसल्या नाहीत. "त्या सालीच गावात डेंगू आला. हिरीत कीडच कीड झालती, खानारं कोनी राह्यलं नोतं. मंग तुमी थे धुराची मशीन आनली. धूर मारला, मच्छर मेले नाही. आमच्या शेवग्यावरच्या मधाच्या माशा मेल्या. दोन साल शेंग धरली नाही. आता जे समुद्राचं कासव आलंच नाही त्याच्यासाठी सारं गाव सभेत बसलं, न जे घरचं मेलं त्याची कोनाले खबर नाही. काहून मॅडम?"

धुराच्या त्या यंत्राबद्दल मला तालुक्यात शाबासकी मिळाली होती. मी पाणी प्यायले.

ठराव मी तिथंच लिहिला. 'समुद्री कासव या गावात कधीही नव्हते. विहिरीतील कासव होते. नामशेष होण्याचे कारण: ग्रामपंचायत.' दिनकररावांनी वाचला आणि नेहमीचा एक प्रश्न विचारला, "मंजे मीही?" मी म्हटलं, आपण दोघं. त्यांनी सही केली.

साहेबांनी ठराव परत पाठवला. 'ग्रामपंचायत हे कारण ग्राह्य धरता येत नाही. नैसर्गिक कारण नमूद करावे.'

त्या आठवड्यात मला एक अनोळखी फोन आला. माणूस कोकणातला, बोलण्यात हेल. "मॅडम, मी सावंत, ग्रामसेवक. एक विचारू? रोही म्हणजे काय हो?"

मी म्हटलं, "नीलगाय."

"म्हणजे गाय?"

"गाय नाही. हरणाच्या जातीची असते. दिसते घोड्यासारखी."

"म्हणजे नक्की काय?" ते काकुळतीला आले होते. "मला रोह्यांच्या उपद्रवाचा अहवाल मागितलाय. आमच्या नोंदवहीत रोही आहे. आणि एका पानाच्या तळाला तुमच्या गावाचं नाव आणि तुमचा नंबर छापलेला राहून गेलाय."

तेव्हा उलगडा झाला. संस्थेनं दोन गावांच्या नोंदवह्यांची आतली पानं एकमेकांत बदलली होती. त्यांचा समुद्र आमच्याकडे आला होता आणि आमचं रान त्यांच्याकडे गेलं होतं. मी हसायला लागले. खूप दिवसांनी इतकी हसले. सावंत मात्र हसले नाहीत.

"मॅडम, आमच्याकडं कासवं खरीच येतात," ते म्हणाले. "किनाऱ्याला लागून रस्ता काढायचा चाललाय. जिथं अंडी असतात त्याच वाळूतून. आक्षेप घ्यायला गेलो तर म्हणाले, तुमच्या नोंदवहीत कासव कुठंय? नोंदवहीत तूर आहे. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी पिल्लं बाहेर पडून पाण्याकडे चालली होती, मी तिथं उभा होतो, आणि माझ्या खिशात कागद होता की इथं कासवं आढळत नाहीत."

त्यांना माझ्याकडून एक पत्र हवं होतं. माझ्या शिक्क्याची नोंदवही खरी त्यांच्या गावाची आहे, ती चुकून माझ्या गावाच्या नावावर मंजूर झाली, असं. म्हणजे मी न वाचता सही केली, हे लेखी. आमची ग्रामसभा गावापुरती होती. हे पत्र जिल्ह्यातून जिल्ह्यात जाणार होतं, आणि माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

फोन ठेवण्याआधी मी सहज म्हटलं, "तुमच्याकडे आमच्या गावाचं जे आलंय, ते वाचून दाखवता?"

त्यांनी वाचलं. "कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा. बाभूळ, कडुनिंब. कावळा, चिमणी. रोही." मग पान उलटल्याचा आवाज आला. "एवढंच. मॅडम, तुमच्याकडं एवढंच आहे?"

एवढंच नव्हतं, पण बाकीच्यांची नावं मला येत नव्हती. तीस वर्षं मी वऱ्हाडातल्या गावांत नोकरी केली, त्याआधी तेल्हाऱ्याकडच्या एका गावात वाढले. माझी आई आयुष्यभर निंदणाला जात होती. बांधावर बसून भाकरी खाताना मी एखादं रोप दाखवून विचारायची, माय, हे काय होय? ती म्हणायची, "तुले काय कराचं तनाचं? तू पेन धर." मी पेन धरला. मी शिकावं म्हणून आईनं मला एका तणाचंही नाव सांगितलं नाही. आणि आता सरकार माझ्याकडे तीच नावं मागत होतं.

दिनकरराव म्हणाले, "मॅडम, लिहू नोका. चार महिने चुपचाप काढा. कोकनातले कोकनवाले पायतीन." त्यांना माझी काळजी होती, म्हणून मला राग आला नाही. पण खिशात कागद घेऊन वाळूत उभा असलेला तो माणूस डोळ्यांपुढून जाईना. पत्र मी हातानं लिहिलं, टाईप करायला कुणाला द्यावंसं वाटलं नाही. शेवटची ओळ अशी होती: 'सदर नोंदवही मी वाचली नव्हती.' आवक-जावक वहीत चढवून रजिस्टर पोस्टानं पाठवलं. मग उरलेल्या दिवसांत आमची खरी नोंदवही करायची ठरवली, आणि पंचफुलाबाईंना बोलावलं.

"जयभीम मॅडम," त्या म्हणाल्या. "दाखला झाला काय माहा?" मी आधी तो दाखला दिला.

मग आम्ही दोघी रोज दुपारच्या आत दोन-तीन तास शेतं फिरलो. दिवस पिकं डोक्याएवढी झाल्यानंतरचे. मी वही घेऊन मागं, त्या पुढं. पण शेतात काहीच मिळेना. कापसाच्या तासांमधली माती झाडून काढल्यासारखी स्वच्छ. सगळीकडे तणनाशक. जे काही होतं ते बांधावर, नाल्याच्या काठी आणि सरकारी जागेत, जिथं फवारायला कुणाला परवडत नाही. तिथं पंचफुलाबाई वाकायच्या, एखादं पान दोन बोटांत धरायच्या आणि ओळखीचं माणूस बाजारात भेटावं तसं नाव घ्यायच्या. हा तरोटा, याची भाजी. हे कुंजीर. हा माका, केसाले. ही चिवय. हा केना, याची भजी कराची. गाजरगवत दिसलं की मात्र त्या नाव न घेता पुढं जायच्या.

"जल्मभर मी यायले उपटून फेकलं," एकदा त्या म्हणाल्या, "न आता यायची हजेरी घेऊन राहिली. फवारा आला, तन गेलं. तनासंग माही मजुरीही गेली. आमी दोघं बी एकाच औषधानं मेलो."

एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ओळीनं काठ्या रोवलेल्या होत्या. मी विचारलं तेव्हा त्या शेतकऱ्यानं सांगितलं, हे पक्षिथांबे. कापसावरची अळी खायला पाखरं यावीत म्हणून बसायला काठ्या. बाजूला बाभळीची बुडं होती, गेल्या वर्षी तोडलेली. "सावली पडे पिकावर, म्हनून तोडल्या," तो म्हणाला. काठ्यांवर पाखरू नव्हतं. पंचफुलाबाईंनी वहीकडे बोट दाखवलं, "लिवा मॅडम. काठी. सद्यस्थिती, मुबलक."

हे सगळं वाचवायचं कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. एका रोपानं काय अडतं? मला माझ्या नोकरीतलंच उत्तर सुचतं. पूर्वी प्रत्येक गावाला एक ग्रामसेवक होता. एक आजारी पडला तर शेजारचा सांभाळून घ्यायचा. मग जागा भरणं बंद झालं आणि तीन गावं माझ्या एकटीवर आली. कागदोपत्री सगळं चालू होतं, उलट बचत झाली म्हणून कौतुकही झालं. मग मला टायफॉईड झाला, आणि तीन गावांत तीन आठवडे कुणी कागदावर जन्मलं नाही की मेलं नाही. आमच्या शिवारातही तसंच. सगळीकडे एकाच तऱ्हेचा कापूस. बोंडअळी आली ती पहिल्या शेतातून शेवटच्या शेतापर्यंत सरळ चालत गेली. वाटेत तिला अडवायला दुसरं काही नव्हतं, ना पाखरू, ना वेगळं पीक. बदली कामगार म्हणून फक्त काठ्या.

नोंदवही झाली, तालुक्याला पाठवली. पहिल्या नोंदवहीत पापलेट धरून जेवढी नावं होती त्यापेक्षा ही कमी भरली, कारण 'आता किती' या रकान्यात अनेक ठिकाणी 'नाही' असं होतं. लगेच दुसरं पत्र आलं. 'एका वर्षात गावातील जैवविविधतेत लक्षणीय घट झाली आहे. जबाबदारी निश्चित करून खुलासा सादर करावा.' त्याच टपालात माझ्या त्या हस्तलिखित पत्राबद्दलची कारणे दाखवा नोटीसही होती. दोन्हींना मी एकच उत्तर दिलं, वाचली नव्हती.

चौकशी झाली. माझी पेन्शन अडकेल अशी कुजबुज होती, आणि आठ-दहा दिवस मला जेवण गेलं नाही हेही खरं. शेवटी लेखी ताकीद मिळाली, पुन्हा असं होऊ नये म्हणून. पुन्हा व्हायला माझ्याकडे एक महिना होता. ती ताकीद मी जपून ठेवली आहे. सावंतांच्या गावात रस्ता रद्द झाला नाही, पण सुरूच्या झाडांच्या अलीकडून न्यायचं ठरलं आणि वाळू तूर्त सुटली. ते दर हंगामात पिल्लांचा फोटो पाठवतात, सोबत "या एकदा" असं लिहितात. मी "येते" लिहिते. जाईनही.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी ही खरी नोंदवही संगणकावर चढवायची होती. आमच्या ग्रामपंचायतीत प्रीती नावाची संगणक परिचालक होती, लग्न होऊन गावात आलेली, कामाला चोख. मी वाचत होते, ती भरत होती. प्रत्येक नावापुढं एक चौकट यायची: प्राणी, पक्षी, कीटक की वनस्पती. एक निवडलं की पुढचं नाव. दुपारपर्यंत आम्ही शेवटच्या पानावर आलो. तिथं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, टिचकुली. पुढं काही नाही. पंचफुलाबाईंनी चालता चालता सांगितलं असणार आणि मी घाईत नुसतं नाव टिपलं असणार.

"काय टाकू मॅडम?" प्रीतीनं विचारलं. "पक्षी का वनस्पती?"

मी पंचफुलाबाईंना फोन लावला. "बाई, टिचकुली म्हणजे काय?"

"मले काय मालूम?" त्या म्हणाल्या.

"तुम्हीच सांगितलं ना?"

"मी नाव सांगतलं. पाह्यली कुठं म्या? माही माय म्हने, टिचकुली दिसली का पेरनी थांबवा."

"का थांबवायची?"

"थे तिनं सांगतलं नाही. मी इचारलं नाही. ती थांब म्हने, आमी थांबत होतो."

"आणि दिसायची कशी? उडायची? उगवायची?"

  त्या म्हणाल्या, "मॅडम, आता थांब म्हननारंच कोनी नाही राह्यलं, तं थे दिसली का नाही हे कोन पायते?"

प्रीती थांबली होती. चौकट रिकामी ठेवली की फॉर्म पुढं जात नव्हता, लाल अक्षरांत 'प्रकार निवडा' असं येत होतं. ती म्हणाली, मॅडम, हे एक नाव काढून टाकू, बाकी सगळं जमा होईल, तुमचं कामही पूर्ण होईल. बरोबरच होतं तिचं. तालुक्यातून दोन फोन येऊन गेले होते.

मी तिला म्हटलं, राहू दे.

आज मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. प्रीती अजून तिथंच आहे. तिला मी मधूनमधून विचारते. ती सांगते, मॅडम, आपल्या गावाची नोंदवही अजून जमा झालेली नाही. उघडली की तसंच येतं. टिचकुली, आणि त्याच्यापुढं, प्रकार निवडा.